मुखवटेवाल्याची बायको

आरिफचं दापोडीत गॅरेज होतं, पण गल्लीत त्याचं नाव झालं ते उड्यांमुळं. तलवारबाजीच्या एका मराठी सिनेमात मुखवटा घातलेल्या वीराच्या साऱ्या उड्या त्यानं मारल्या होत्या. तेव्हा त्याची बायको महेक ज्याला त्याला सांगायची, "मुखवट्याच्या आत आमचे हे आहेत!"

दुसऱ्या भागात त्या वीराचा संसार दाखवायचं ठरलं. त्याला बायको आली, मुलगी आली. आणि महेकच्या पोटात दुखायला लागलं.

मोशीच्या पुढं माळावर शूटिंग होतं. डबा द्यायचं निमित्त काढून ती गेली. पाहते तर आरिफ मुखवटा चढवून सिनेमातल्या पोरीला खांद्यावर नाचवतोय. शॉट पुन्हा पुन्हा झाला, हा हसतोच आहे. घरी लेकीनं, आलियानं "अब्बू, खांद्यावर घ्या" म्हटलं की कंबर धरून बसायचा.

"इथं दुखत नाही वाटतं कंबर?" डबा आपटत ती म्हणाली.

"अगं, काम आहे ते."

"मग आम्ही काय, सुट्टी?"

पुढच्या शॉटमध्ये वीर बायकोला घोड्यावर मागं बसवून पळवून नेतो. नायिकेच्या जागी बसणारी मुलगी घोडा फुरफुरताच मागं सरली. दिग्दर्शक वैतागला. महेकचे वडील बरकतमियाँ टांगेवाले. तिचं बालपण घोड्यांतच गेलेलं.

"मी बसते," ती म्हणाली. आरिफ नको नको करत राहिला, ती नायिकेचा शालू नेसून आलीसुद्धा.

घोडा निघाला. तिनं मागून मिठी मारली तसा आरिफ असा आखडला की घोडाही बुजला.

"कट! लाजताय काय राव? बायको आहे ती तुमची!" दिग्दर्शक ओरडला. सगळं युनिट हसलं.

आरिफचे कान लाल झाले. "घट्ट धर," तो हळूच म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं तो कधी बोलला नव्हता.

सिनेमा लागल्यावर तिघं पाहायला गेली. घोडा दौडला, शिट्ट्या पडल्या. पाठमोरी महेक दिसली न दिसली, तोच पडदाभर नायिकेचा हसरा चेहरा!

"काय झोकात बसलीय ना ती!" मागची बाई म्हणाली.

महेकनं वळून असं पाहिलं की बाई खुर्चीत मागं सरकली. मग तिनं आरिफचा हात ओढून घेतला आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.