डाळ न शिजणारं पाणी

संगणकाचा मला राग येत नाही. तो बिचारा सांगितलेलं करतो. राग येतो तो त्याला शिकवणाऱ्यांचा, आणि त्या शिकवणाऱ्यांत मीही होते म्हणून जरा जास्तच येतो.

सोलापुरात दोन खोल्यांत आमचं ऑफिस होतं. जमीन, पाणी, झाडं, वारा यांविषयी लोकांना जे ठाऊक असतं ते त्यांच्याच भाषेत टिपायचं आणि संगणकात असं गुंफायचं, की कन्नड बाईचं आणि तेलुगू बाईचं म्हणणं एकच असेल तर ते त्याला आपोआप कळावं. "शब्द नाही, अर्थ जुळवायचेत," असं पुण्याचे सर प्रत्येक व्हिडिओ कॉलवर सांगत. मी घरात कन्नड, बाहेर मराठी आणि शेजारणींमुळे कामापुरतं तेलुगू बोलणारी, म्हणून मला घेतलेलं. आयुष्यभर भाजी घेताना जे करत आले त्याला एवढं मोठं नाव आहे, हे मला तिथे कळलं.

माझी दोड्डव्वा, म्हणजे आईची थोरली बहीण, अक्कलकोटच्या पलीकडे सीमेलगतच्या एका गावात राहते. तिच्या दारासमोरच विहीर आहे. तरी डाळीपुरती एक घागर ती रोज ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून आणते, तीही दुखऱ्या गुडघ्यांनी. गावातल्या सगळ्याच बायका आणतात. मी माहिती घ्यायला गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. जवळची सोडून लांब का जाता, असं मी मुद्दाम विचारलं. "ब्याळी बेयंगिल्ल," ती म्हणाली. डाळ शिजत नाही. पाण्यात क्षार आहेत हे सांगायची तिथली हीच रीत. मी टॅबवर लिहून घेतलं. खाली रकाना निवडायचा होता: पाणी, शेती, कापड, घरकाम, स्वयंपाक. समोर चूल, तिच्या हातात पळी, विषय डाळीचा. मी 'स्वयंपाक' दाबलं आणि जेवायला बसले.

वर्षभराने गावात नळाची योजना आली. कुठल्या विहिरीवर पंप बसवायचा हे ठरवायला पंचायतीने, संगणकाने या नोंदींवरून काढलेला आमचाच नकाशा उघडला. दोड्डव्वाचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. ओढ्यापलीकडचं पाणी आता दारात येणार, माझे गुडघे सुटले, म्हणाली.

मी लगेच नकाशा उघडून पाहिला. दारासमोरची विहीर हिरवीगार, म्हणजे पाणी चांगलं, अशी दाखवली होती. एका बागायतदाराचं म्हणणं 'पाणी' या रकान्यात ऐटीत बसलं होतं: "लई पाणी हाय. उन्हाळ्यात बी आटत न्हाय." आणि माझ्या मावशीचं वाक्य? संगणकाने ते एका तेलुगू बाईच्या सल्ल्याला जोडलं होतं. सल्ला असा, की डाळ आदल्या रात्री भिजत घालावी.

मी कपाळावर हात मारून घेतला. मग हट्टाने सगळं उपसलं. शहरातल्या एका तेलुगू विणकर घरातली आजी क्षाराच्या पाण्याबद्दल म्हणाली होती, "रंगु पट्टदु", सुताला रंग धरत नाही. ते गेलं होतं 'कापड' मध्ये. मोहोळकडच्या बाईने सांगितलं होतं, साबणाला फेस येत न्हाय. ते 'घरकाम' मध्ये. तिघीजणी एकच गोष्ट सांगत होत्या आणि आम्ही तिघींना तीन खोल्यांत कोंडून वर अर्थ जुळवत बसलो होतो.

सरांना फोन लावला.

"मॅडम, पाणी खराब म्हणायचं तर आकडा लागतो. टेस्ट रिपोर्ट आहे का?"

"सर, माझ्या मावशीचं पातेलं आहे."

"ती स्वयंपाकाची नोंद आहे ना? रकाना बदलायचा तर समितीपुढे ठेवावं लागेल."

"अहो, पण ती पाण्याबद्दलच बोलत होती!"

"मग तुम्ही तेव्हाच पाण्यात का नाही टाकलंत?"

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तरी मी बराच वेळ भांडले. चूक आपली असली की माझा आवाज चढतो. ग्रामसेवकांना फोन केला तर ते वैतागले. "मॅडम, नकाशा तुमचाच हाय की. नकाशात हिरवी ती विहीर, असा ठराव झाला, आता तुमीच न्हाय म्हनता व्हय?"

पंप दारासमोरच्या विहिरीवर बसला. नारळ फुटला, फोटो निघाले. त्यानंतर दोन महिन्यांनी माझ्या मोबाइलवर संदेश आला, की तिन्ही नोंदींचा अर्थ एकच असल्याचं समितीने मान्य केलं आहे. अभिनंदनाचं चित्रही होतं. मोबाइल फेकावासा वाटला.

त्याच रविवारी गावी गेले. दोड्डव्वा नव्या नळाखाली म्हशीची बादली भरत होती. भरून झाल्यावर तिने कोपऱ्यातली रिकामी घागर उचलली. मला राहवलं नाही. ठरावाच्या सभेत एवढ्या बायका होत्या, एकीने तरी तोंड उघडायचं की नाही? मी जवळजवळ ओरडलेच.

तिने आधी नळ बंद केला.

"कुठली विहीर ते सांगायला उठणार होतो आम्ही," ती कन्नडमध्येच म्हणाली. "मीच सगळ्यांना बसवलं. म्हटलं, आपल्या पोरीनं लिहून नेलंय, आता परत काय सांगायचं?"

मी तिच्या हातातली घागर घेतली आणि ओढ्याच्या वाटेला लागले.