काचेखालचे पत्र

ती घटना आजही आठवते, आणि दर वेळी ती एका न केलेल्या सहीपासून आठवू लागते. सेवेत असताना मी हजारो सह्या केल्या. त्यांपैकी एकही मला वेगळी अशी आठवत नाही. ही मात्र तीन दिवस केली नाही, म्हणून लक्षात राहिली.

त्या वेळी मी सोलापुरात एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्याकडे नव्याने एक महिला उपनिरीक्षक रुजू झाल्या होत्या. अभियांत्रिकीची पदवी होती, वय तिशीच्या आत. तीस वर्षांच्या नोकरीनंतरही मी दोन बोटांनी टंकलेखन करत असे. त्या समोरच्याकडे पाहत, त्याच्याशी बोलत बोलत जबाब उतरवून घेत. पूर्वी हवालदार कुठे अडले की माझ्या दारात येत. आता ते त्यांच्या टेबलाशी उभे दिसू लागले. एकदा उपायुक्त ठाण्यास भेट देण्यास आले. मला त्यांनी उभ्याउभ्याच दोन प्रश्न विचारले; उपनिरीक्षकांना मात्र "बसा" म्हणाले आणि दहा मिनिटे त्यांचे ऐकून घेतले. ती दहा मिनिटे मी भिंतीवरच्या घड्याळात मोजली होती. आज लिहिताना लाज वाटते, पण मोजली होती.

अशातच एका गुरुवारी, सकाळची हजेरी संपते न संपते तोच होटगी रस्त्यावरच्या एका टॉवेल कारखान्यातून फोन आला.

"साहेब, गेटवर दीडशे पोरं उभी आहेत. सगळ्यांच्या मोबाईलवर आमचं नेमणूकपत्र आहे. आज दहाला हजर व्हा म्हणून. आम्ही तर एकालाही नेमलेलं नाही!"

आम्ही पोहोचलो तेव्हा गोंधळ नव्हता. गोंधळ असता तर बरे वाटले असते. मुले इस्त्रीच्या कपड्यांत, हातात प्रमाणपत्रांच्या फायली घेऊन रांगेत उभी होती. एकाने आदल्या संध्याकाळीच दुकानातली नोकरी सोडली होती. वेळापूरहून पहिल्या एसटीने आलेल्या एका मुलीच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"साहेब, पत्र खोटं हाय व्हय?" तिने विचारले. "खोटं कसं? माझं नाव हाय की त्याच्यावर."

कारखान्याच्या भरतीचे काम शहरातल्या जुळे सोलापूर भागातील एका छोट्या सॉफ्टवेअर कार्यालयाकडे होते. उमेदवारांचे अर्ज तिथे जमत, त्यांची यादी कारखान्याकडे जाई आणि पत्रेही ई-मेलने तिथूनच जात. कार्यालयाच्या मालकांनी क्षणाचाही विचार न करता एका मुलीकडे बोट दाखवले. "ई-मेलचं सगळं हीच बघते, साहेब."

मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगूभाषिक विणकर कुटुंबातली. तिचे वडील यंत्रमागावर काम करून थकलेले. ती म्हणाली, "बटण मीच दाबलं, सर. पण ती पत्रं बाहेर जायलाच नको होती."

माझ्या दृष्टीने ती कबुली होती. तिचे दुसरे वाक्य मी ऐकले, पण लिहून घेतले नाही. ते लिहून घेतले उपनिरीक्षकांनी.

त्यातून कळले ते असे. काही काळापूर्वी त्या कार्यालयात ई-मेलसाठी कोणती सेवा निवडावी यावर चर्चा झाली होती. तिच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे मत होते की पत्रे पाठवणारी एकच सेवा घ्यावी आणि चाचणीही तिच्यावरच करावी. मुलीने चार-पाच सेवा स्वतः वापरून पाहिल्या आणि एक तक्ता केला. कोणाची पत्रे नेमकी पोहोचतात आणि कोणाची स्पॅममध्ये पडतात, कोण प्रत्येक पत्राची नोंद ठेवते, अडचण आली तर कोण उत्तर देते, असे सगळे त्यात होते. तिचा आग्रह दोन वेगळ्या सेवा घेण्याचा होता. एक खरी पत्रे पाठवणारी. दुसरी निव्वळ चाचणीची. ही दुसरी सेवा पत्र बाहेर जाऊच देत नाही, एका बंद पेटीत अडवून ठेवते. पेटी उघडून पत्र नीट दिसते का, नाव बरोबर आले का, हे पाहायचे. मालकांनी तिचा तक्ता मान्य केला होता. त्या पेटीवर तिचा इतका विश्वास होता की नावे तपासण्यासाठी तिने उमेदवारांची खरी यादीच वापरली आणि नमुन्यात दुसऱ्या दिवसाची तारीख घातली. चूक म्हणायची तर तिची एवढीच.

"सर, फायरिंगच्या सरावाला आपण डमी काडतूस देतो ना, तसं आहे हे," उपनिरीक्षक मला म्हणाल्या. "तिनं डमी समजून चाप ओढला. आत कोणीतरी खरं भरून ठेवलं होतं. चाचणीच्या पेटीच्या जागी पाठवणाऱ्या सेवेची चावी, म्हणजे पासवर्डसारखा क्रमांक, घातली गेलीय. पत्र कोणाला गेलं, कोणाला नाही, याची एकेक नोंद त्या कंपनीकडे असणार. आपण लेखी मागवू या."

सांगणे स्पष्ट होते. माझ्यासाठी त्यांना काडतुसापर्यंत खाली यावे लागले, याचाच मला राग आला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी त्या ई-मेल कंपनीला द्यायचे पत्र तयार करून, जावक क्रमांक टाकून माझ्यापुढे ठेवले. फक्त सही हवी होती. मी "बघतो" म्हणालो आणि ते टेबलाच्या काचेखाली सरकवले. दुपारी उपायुक्तांचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी नव्या उपनिरीक्षकांविषयी विचारले.

"हुशार आहेत, साहेब," मी म्हणालो. किंचित थांबलो. "फक्त घाई करतात."

त्या मुलीला मी चौकशीसाठी शुक्रवारी बोलावले, शनिवारी बोलावले, सोमवारीही बोलावले. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, महिला शिपाई हजर ठेवून, सर्व नियमांनुसार. तिचे वडील ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर डबा घेऊन बसत. दुपारी ती बाहेर आली की लेकीला लाडाने म्हणत, "अम्मा, आधी चार घास खा. मग काय विचारायचं ते विचारतील."

शनिवारी ते हात जोडून माझ्या दारात उभे राहिले. "साहेब, सोमवारी हिला पुण्यात कामावर हजर व्हायचं हाय. लई मोठी कंपनी हाय. त्यांच्या कानावर गेलंय हे. पोलिसांचा कागद आणा म्हणतात, हिच्यावर काय न्हाय असा."

"सोमवारी संध्याकाळपर्यंत, सर," मुलगी मागून म्हणाली. "नाहीतर ते दुसऱ्या कोणाला घेतील."

"तपास चालू आहे," मी म्हणालो. हे बोलताना माझा हात काचेवर होता आणि काचेखाली ते पत्र होते.

ते गेल्यावर उपनिरीक्षक आत आल्या. "सर, ते पत्र..."

"मॅडम, मीही तपास केले आहेत."

"हो सर," त्या म्हणाल्या आणि दार हळू लावून गेल्या.

सोमवारी दुपारी मी त्या ज्येष्ठ सहकाऱ्याला साक्षीदार म्हणून बोलावले. पस्तिशीचा, नम्र, मोजके बोलणारा माणूस. मुलीविषयी विचारले तेव्हा तो म्हणाला, "हुशार आहे ती, साहेब." किंचित थांबला. "फक्त घाई करते."

माझे लेखन थांबले. शब्द माझे होते, मधला विरामही माझा होता. मी मान वर केली आणि यादीत नसलेला प्रश्न विचारला. "सेवा निवडायच्या बैठकीत मालकांनी तिचं किती वेळ ऐकलं?"

"अर्धा तास," तो तत्काळ म्हणाला. "माझं चार मिनिटं."

त्यानेही घड्याळ पाहिले होते.

हा पुरावा नव्हता, हे मला कळत होते. पण समोर कोण बसले आहे हेही कळत होते, कारण तसाच एक माणूस मी बरेच दिवस स्वतःमध्येच पाहत होतो. मी त्याला बाहेर बसवले, काच उचलली आणि पत्रावर सही केली. साडेपाच वाजले होते. मुलगी आणि तिचे वडील अर्ध्या तासापूर्वीच घरी गेले होते.

ई-मेल कंपनीचे उत्तर मंगळवारी सकाळी आले. एक दिवसही लागला नाही. उपनिरीक्षकांनी ती नोंद आणि कारखान्याकडील अर्जांची मूळ यादी शेजारी शेजारी ठेवून एकेक नाव पेन्सिलीने खोडत नेले. शेवटी एक नाव उरले. अर्ज केलेल्या प्रत्येकाला पत्र गेले होते, एका मुलीला सोडून. ती त्या सहकाऱ्याची धाकटी बहीण होती.

"सगळ्यांना पत्र गेलं. तुमच्या बहिणीलाच का नाही?" मी त्याला पुन्हा बोलावून विचारले.

"वर्षभर नोकरी शोधतेय ती, साहेब. ते खोटं पत्र घेऊन ती घरभर नाचली असती. मला बघवलं नसतं."

मग त्याने सगळे सांगितले. मुलगी जेवायला गेली असताना त्याने तिच्या संगणकावर चावी बदलली होती आणि यादीतून बहिणीचे नाव काढले होते. तिची निवड चुकली, एवढेच मालकांना दिसावे अशी त्याची इच्छा होती.

"आणि गेटवर उभे होते ते?" उपनिरीक्षकांनी हळू आवाजात विचारले. "ते कोणाचे भाऊबहीण नव्हते?"

त्याने मान खाली घातली. प्रश्न त्याला होता, तरी मान मीही खाली घातली.

त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्र न्यायालयात गेले. मुलगी निर्दोष ठरली, पण पुण्याची जागा सोमवारी संध्याकाळीच दुसऱ्याला दिली गेली होती. तिच्या वडिलांनी माझे दोन्ही हात धरले. "सुटली पोरगी, साहेब. लई उपकार केले." मी त्यांना थांबवले नाही. पुढे या तपासाबद्दल प्रशंसापत्र आले तेही माझ्याच नावे. ते घेतानाही मी काही बोललो नाही. टाळ्या वाजवणाऱ्यांत उपनिरीक्षकही होत्या.

मागील वर्षी निवृत्त झालो. निरोप समारंभानंतर मी त्यांना बाजूला घेऊन ते पत्र का अडवले होते हे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "जावकची नोंद माझ्याच हातची होती, सर. तारीख मला रोज दिसत होती. पण हे मला सांगून काय होणार? तिला सांगा."

लाच आणि मारहाण या दोन गोष्टींपासून मी नोकरीभर जपून राहिलो, आणि त्याचा मला अभिमान होता. मत्सराला यातले काहीच लागत नाही. एक कागद थोडा जास्त पडून राहिला की त्याचे काम होते. त्याची कोणी तक्रारही करत नाही, कारण प्रत्येक टेबलावर कागद पडलेले असतातच. त्या सहकाऱ्याने निदान स्वतःच्या बहिणीला वगळले होते. मी कोणालाच वगळले नव्हते.

गेल्या महिन्यात मी त्या मुलीच्या घरी गेलो. आता ती सोलापुरातच एका लहान कार्यालयाचे काम घरून करते. वडील आत चहा टाकत होते. मी सगळे सांगितले.

"शुक्रवारीच सही केली असती तर?" तिने शेवटी विचारले.

"शनिवारी उत्तर आलं असतं. सोमवारी तू पुण्यात असतीस."

"हे लिहून द्याल, सर?"

"तक्रार करणार असशील तर माझी हरकत नाही."

"तक्रार नाही. बाबांना वाचून दाखवायचंय." तिने आतल्या खोलीकडे पाहिले. "तीन दिवस ठाण्यात बसवलं म्हणजे माझंही काहीतरी चुकलंच असणार, असं त्यांना अजून वाटतं."

तिने कोरा कागद पुढे ठेवला. मी सर्व हकिकत स्वतःच्या अक्षरात लिहिली, खाली तारीख घातली आणि सही केली. त्या सहीला क्षणभरही लागला नाही.