दोन गुलाबी, दोन राखी

चारही तुकड्यांना एकाच दिवशी मीठ लावले होते. ठेवलेही होते एकाच फ्रीजमध्ये. दहा दिवसांनी धुरी देऊन ते कापले, तेव्हा दोन आतपर्यंत गुलाबी निघाले आणि दोन मध्यभागी राखी. देचम्मांनी चारांचे चार काप बोर्डावर ओळीने मांडले आणि माझ्याकडे पाहिले.

"सर, मागच्या वेळीही दोनच."

"वजन नीट केलं होतं ना?"

"तुम्ही लिहून दिलं तसंच. काट्यावर दोनदा."

मी अन्नतंत्रज्ञ आहे. बरीच वर्षे सरकारी प्रयोगशाळेत काढली आणि आता घरगुती उत्पादकांना सल्ला देतो. लोणची, बिस्किटे, दूध हे माझे नेहमीचे विषय. मांसाबद्दलचे माझे ज्ञान पुस्तकी. आमचे घराणे निपाणीकडचे, शाकाहारी. पोर्क मी कधी चाखलेले नाही. हे मी देचम्मांना पहिल्याच फोनवर सांगितले होते. त्या म्हणाल्या होत्या, "चव मी बघते सर, शास्त्र तुम्ही बघा." ही वाटणी मला फारच सोयीची वाटली. आमचे सारे बोलणे कन्नडमध्ये चाले. येथे ते मराठीत देत आहे.

देचम्मा मूळच्या कोडगूच्या. हॉटेलच्या किचनमधली नोकरी सोडून त्यांनी आर. टी. नगरमधल्या घरी स्मोक्ड पोर्क लॉइन करायला घेतले होते. लॉइन म्हणजे पाठीच्या कण्यालगतचा मांसाचा लांब, जाड तुकडा. त्याला आधी क्यूरिंग करतात. साधे मीठ आणि थोडे क्यूरिंग सॉल्ट मोजून चोळायचे, तुकडा पिशवीत हवाबंद करून डब्यात घालायचा आणि डबा फ्रीजमध्ये ठेवायचा. क्यूरिंग सॉल्टमध्ये नायट्राइट असते. ते घातक जंतूंना रोखते आणि मांसाला गुलाबी रंग देते. मीठ रोज थोडे थोडे आत सरकते. मध्यापर्यंत पोहोचले, की मग कॉफीच्या वाळलेल्या लाकडाची धुरी. त्यासाठीचा ड्रम त्यांनी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमधून बनवून गच्चीवर बसवला होता. मध्यभाग राखी, याचा अर्थ मीठ तेथवर गेलेच नाही. असा तुकडा विकायला मी परवानगी देऊ शकत नव्हतो.

अडचण अशी, की इंदिरानगरच्या एका कॅफेच्या शेफने डिसेंबरपासूनची ऑर्डर देऊ केली होती. त्याने दोन सॅम्पल परत पाठवली होती. देचम्मांनी माझ्यासमोर त्याला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"मॅडम, चव उत्तम आहे. पण एक स्लाइस गुलाबी आणि एक राखी, हे मी प्लेटमध्ये कसं लावू? आणखी एकदा बघतो. मग मात्र दुसरीकडून घेईन."

"सरी, ठीक आहे," देचम्मा म्हणाल्या आणि फोन ठेवला. नोकरी सोडल्याचे त्या कधी बोलून दाखवत नसत. त्या दिवशीही नाही.

मी कारणे शोधू लागलो. पहिला संशय मिठावर घेतला; नवे पाकीट आणवले. दुसरा खाटकावर. त्याच्याकडे मांस आधी गोठवलेले असते का, हे विचारायला देचम्मांना दोनदा पाठवले. तिसरा संशय मी त्यांच्यावरच घेतला. आवाज न चढवता, पण घेतला. "हात घाईत चालत असेल," असे म्हणालो. त्यांनी मान खाली घातली आणि पुढच्या वेळी माझ्यादेखत मीठ तोलले. तोलणे निर्दोष होते. मी दाराच्या चौकटीत उभा राहून ते पाहिले.

त्यांचा धाकटा भाऊ माचय्या वरच्या मजल्यावर राहतो. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत शिफ्टला जातो. जिन्यात भेटला की म्हणे, "काय सर, मीठ आत जायला तयार नाही? व्हिसा लागतो का त्याला?"

त्या तिसऱ्या खेपेला मी दोन डेटा लॉगर आणले. लॉगर म्हणजे तासातासाला तापमान नोंदवून ठेवणारे बटणाएवढे यंत्र. आजवर मी एकच लॉगर फ्रीजच्या कप्प्यात ठेवत असे आणि त्याचा आलेख आदर्श येई. या वेळी लॉगर थेट मांसाच्या डब्यांत, पिशव्यांना चिकटवून ठेवायला सांगितले: एक पहिल्या डब्यात, एक तिसऱ्यात. दहा दिवसांत मी नेहमीसारख्या दोन भेटी दिल्या. नेहमीसारखाच आधी फोन करून गेलो. फ्रीज उघडला. दही, कोथिंबीर, इडलीचे पीठ. डबे खालच्या खणात असतील, असे मी धरून चाललो. खरे सांगायचे, तर ते दिसत नाहीत याचे मला बरे वाटले. मी विचारले नाही.

दहाव्या दिवशी लॉगर लॅपटॉपला जोडले. पहिल्या डब्याचा आलेख सपाट होता, चार अंशांच्या आसपास. तिसऱ्याचा दोनदा कोसळला होता, शून्याच्या खूप खाली. त्या फ्रीजच्या खालच्या भागात इतकी थंडी होऊच शकत नव्हती. मी म्हणालो, लॉगर बिघडला. मग तुकडे कापले. तिसऱ्या डब्यातला राखी निघाला.

मी आलेखावरचे वार वहीतल्या नोंदींशी ताडून पाहू लागलो. लाइट गेली होती का? फ्रीज कोणी हलवला होता का? वहीत त्या दोन वारांसमोर माझ्याच अक्षरात एकच शब्द होता: भेट. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. माझ्या येण्याने मांस कसे गोठेल?

"देचम्मा, मी येतो त्या दिवशी डबे कुठे असतात?"

उत्तर जिन्यातून आलेल्या माचय्याने दिले. "अक्का, सांग ना. माझ्याकडे असतात सर, वर. दोन माझ्या फ्रीझरमध्ये मावतात, दोन त्याच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवतो."

"गोठवून?"

"कच्चं मांस ना. खराब होऊ नये म्हणून. मग मी शिफ्टला जातो, घराला कुलूप. दुसऱ्या संध्याकाळी आलो की अक्काला देतो."

"पण वर न्यायचंच कशाला?"

माचय्याने बहिणीकडे पाहिले. शेवटी देचम्माच हळूच म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी फ्रीज उघडला आणि तुम्ही रुमाल नाकाला लावलात. नंतर कॉफीही अर्धीच ठेवलीत. तुम्हाला त्रास नको म्हणून, सर."

मला तो रुमाल आठवेना. अजूनही नीट आठवत नाही. परंतु त्या खोटे बोलणाऱ्या नाहीत.

गोठलेल्या मांसात मीठ सरकत नाही. दीड दिवस फ्रीझरमध्ये, मग वितळायला आणखी एक. आणि हे प्रत्येक खेपेत दोनदा. दहापैकी निम्मे दिवस मी खाऊन टाकले होते. आदबीने आलो होतो, फोन करून आलो होतो, आणि आलो नसतो तर चारही तुकडे गुलाबी झाले असते.

"मी तुमच्या हातावर संशय घेतला," मी म्हणालो.

"शास्त्र होतं ते सर. बसा, कॉफी स्वल्प गरम करते."

चौथ्या खेपेला डबे जागचे हलले नाहीत. मी एक दिवसाआड गेलो आणि पिशव्या स्वतःच्या हातांनी उलटल्या. पहिल्या दिवशी रुमाल काढावासा वाटला. ते मी त्यांना सांगितले आणि त्या हसल्या. चारही तुकडे आरपार गुलाबी निघाले. शेफने सॅम्पल पसंत केले. पण डिसेंबरची ऑर्डर तोवर दुसऱ्याकडे गेली होती. देचम्मांना जानेवारीपासूनची मिळाली. तो एक महिना माझ्यामुळे गेला.

माझ्या रिपोर्टात 'दोषाचे कारण' असा एक रकाना असतो. तेथे मी लिहिले: 'सल्लागाराच्या भेटी.' देचम्मांनी ते खोडायला सांगितले. कॅफेवाल्यांनी वाचले तर ते हसतील, म्हणाल्या. मी खोडले नाही. खाली उपाय म्हणून इतकेच लिहिले, की लॉगर कप्प्यात न ठेवता मालासोबत ठेवावा, आणि फ्रीज अपेक्षेपेक्षा स्वच्छ दिसला, तर तपासणाऱ्याने समाधान न मानता त्याचे कारण विचारावे.