तिसरा तारा दिसेपर्यंत

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये लिफ्टवर आमच्या अकराव्या मजल्यावरच्या काकांइतकं प्रेम कोणी केलं नसेल, आणि दर शनिवारी तिच्याकडे इतक्या निग्रहाने पाठही कोणी फिरवली नसेल. काका अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. सहा दिवस ते लिफ्ट दुरुस्त करत. नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगत. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू; मग विजेच्या बटणाला हात नाही. मी एकदा शहाणपणा केला, “काका, मी दाबतो ना बटण.” ते म्हणाले, “आजोबा शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. शेजाऱ्याकडून फिरवून घेत नव्हते. त्यांचा घाणा बैलावर, माझा विजेवर. सुट्टी दोघांनाही लागते.” आणि गुडघ्यांना दटावत जिना चढू लागले. मी सोबतीला गेलो. चौथ्या मजल्यावर एका चिनी आजींकडे त्यांना माझ्यासाठी पाणी मागावं लागलं.

शनिवारी संध्याकाळी ते खाली येऊन आकाशात तीन तारे शोधत. तिसरा दिसला की शब्बाथ संपला, मग ऐटीत लिफ्टने वर. पण सिंगापूरचं आकाश म्हणजे ढग आणि दिवे. मी उत्साहाने बोट दाखवायचो, काका शांतपणे म्हणायचे, “तो उतरतोय. विमान आहे.” शब्बाथ संपल्याची वेळ माझ्या फोनवर असायची, पण काका विचारायचे, “त्याने आकाश पाहिलंय का?”

एका शनिवारी मात्र ते बाकावर बसलेच नाहीत. मुलगी तिकडे इस्रायलमध्ये, अश्दोदला, दिवस भरलेले, काकू तिच्यापाशी. काकांचा फोन वर, कालपासून बंद. आकाशात एकही तारा नाही. अखेर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुझा फोन काय म्हणतो?”

“संपून दहा मिनिटं झाली.”

काकांनी बटण दाबलं. अकरा मजले ते आकड्यांकडेच बघत होते. वर जाऊन काकूंना फोन लावला. बंद. मुलीचा बंद. जावयाचाही बंद. काका खुर्चीत बसले, घामाघूम, आणि हळूहळू हसायला लागले. “अरे, तिकडे अजून दुपार आहे. त्यांचा शब्बाथ कुठे संपलाय? आजोबांची रीत सोडून तुझ्या फोनचं ऐकलं, आणि वाट बघायची ती आहेच.”

नात झाल्याचं रविवारी सकाळी कळलं. वर्षभरात काका तिच्याकडेच राहायला गेले.

हल्ली शनिवारी संध्याकाळी बाजारातून येताना मी खाली थांबतो. दोन तारे कसेबसे सापडतात. तिसरा नाहीच दिसला तर जिन्याने चढतो. बायकोला सांगतो, व्यायाम.