आज समोर जा

एकोणीसशे पंचाहत्तरच्या सुमारास नोकरीनिमित्त मॉरिशसमधल्याच आमच्या गावाहून माएबूर्गला गेलो आणि बाहेरचं खाऊन पोट बिघडवून बसलो. बस-स्टँडवर एक बाई डाळपुरी विकायच्या. मी गेलो, तर त्यांनी एक तुकडा चाखला, तोंड वाकडं केलं आणि डब्यावर झाकण ठेवलं.

"आज नको, बेटा. डाळ खाली लागली हाय. समोरच्याकडं जा."

समोरचा तर त्यांच्याच धंद्यातला!

आठवड्याभरानं त्यानंच मला त्यांच्याकडे परत पाठवलं. "आज माझी चिवट झालीय," तो तिथल्या क्रेओल बोलीत म्हणाला.

"तिची चांगली झालीय, हे कसं कळलं?"

"आम्ही रोज सकाळी एकमेकांची खाऊन बघतो."

शनिवारी घरी गेल्यावर आईला सांगितलं, आता माझ्या जेवणाची काळजी सोड.