खळ्यात फुगवलेला पंख

नव्या रबराचा वास आला की मला तलमडुगू गावातलं आमचं खळं आठवतं. वाऱ्याच्या जोरावर फळीवर उभं राहून पाण्यावरून जायचं, त्या विंग फॉइलिंगचं सामान मी हट्टानं मागवलं होतं. तलावावर नेण्याआधी हातात धरायचा पंख खळ्यातच पंपानं फुगवला. दारापेक्षा रुंद, पण हलका इतका की राग यावा. पहिल्याच झोतात त्यानं मला ज्वारीच्या कडब्यावर आपटलं. दुसऱ्यांदाही तेच. आई सूप घेऊन ज्वारी उपणायला आली होती. म्हणाली, "काऊन हातपाय मोडून घेऊन राह्यली? परत करून टाक हे." "नाही करत," म्हणून मी तिसऱ्यांदा उठले. तिनं जरा वेळ पाहिलं, मूठभर कोंडा हवेत सोडला, तो कुठं उडतो ते बघितलं आणि म्हणाली, "वाऱ्याकडे पाठ कर, मंग धर." मी पाठ केली. पंख डोक्यावर नुसता तरंगत राहिला. आता तलावावर शिकवणारा मोबाईलमध्ये वारा शोधत असतो, तोवर मी खिशातला कोंडा सोडून पाण्यात उतरलेली असते.