खाली कोन हाय?

शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवण्याआधी अण्णा मागे वळून विचारायचे, "खाली कोन हाय?" घरावरचा पत्रा बदलायचा असो, की कारखान्याच्या पाण्याच्या टाकीवर चढायचं असो, कुणीतरी "मी हाय" म्हटल्याशिवाय ते पाय उचलायचे नाहीत. तुम्ही म्हणाल, पडायची भीती असेल. आम्हीही तेच समजून हसत होतो.

अण्णा चिंताकी गावच्या बौद्ध कुटुंबातले. तरुणपण नौदलात गेलं, हेलिकॉप्टरच्या उघड्या दाराशी बसून समुद्र बघण्यात. चोरून आपल्या किनाऱ्याला लागणारी माणसं हुडकायची, हे काम. निवृत्त होऊन ते भालकीच्या बाजूला एका साखर कारखान्यात राखणदार झाले. साहेबांनी त्यांना टाकीवर बसवलं, उसात कुठं धूर दिसतो का ते बघायला. मी तिथे कारकून, अण्णा मला अप्पा म्हणायचे. साहेबांचा निरोप वर नेणं आणि अण्णांचं म्हणणं खाली आणणं माझ्याकडे होतं.

चहाच्या टपरीवर पोरं त्यांना छेडायची.

"समुद्र केवढा असतोय ओ अण्णा? कारंजाच्या धरनाएवढा?"

"धरनाला पल्याडचा काठ दिसतोय की रे बाबा."

बिदरकडून शिकाऊ विमान डोक्यावर आलं की कुणीतरी म्हणायचं, "तुमचं आलं बघा."

"त्ये विमान. त्ये नुसतं म्होरं पळतंय. आमचं एका जागी थांबायचं." मग चहा बशीत ओतत, "थांबून काय झालं ते इचारू नका."

मी एकदा विचारलंच.

एका सकाळी त्यांना समुद्रात एक पडाव दिसला. "मासे धरायच्या होडीमागं पाखरं असतेत, अप्पा. हिच्यामागं एकबी न्हवतं." हेलिकॉप्टर खाली आलं, पडावाच्या डोक्यावर थांबलं. वाळत घातलेलं जाळं नाही, मासळीची टोपली नाही. ताडपत्रीखाली माणसं दाटीवाटीनं बसलेली. पण त्यांना धरणं हेलिकॉप्टरच्या हातात नव्हतं. ते गस्तीच्या लाँचनं करायचं. वायरलेसवर एकच उत्तर येत राहिलं, लाँच निघतेय. इंधनाचा काटा उतरत होता.

"त्यातल्या एकानं ताडपत्री सारली आन् मला हात केला. पाव्हन्याला करतेत तसा. त्याला ठावं होतं, आमच्या खाली कोन न्हाई."

इंधन भरून ते परत आले, तेव्हा पाणी कोरं होतं.

"मग ती माणसं गेली कुठं?"

"लागली असतील कुठं बी किनाऱ्याला. आमाला कोन सांगतंय? पेपरात कुठं काई वंगाळ आलं की मला वाटतंय, त्येच असतील."

म्हणून टाकीवर बसल्या दिवसापासून त्यांची एकच मागणी होती. टाकीवरून ओढता येईल अशी एक घंटा खाली बसवा, आणि पाण्याच्या टँकरपाशी एक माणूस ठेवा. मी साहेबांना सांगायचो. साहेब म्हणायचे, "बघू, सीझन होऊ दे." मी तो 'बघू' वर पोचवायचो.

"बघायला मी हाय की, अप्पा. तुमी धरायचं बघा."

हे वाक्य मी साहेबांपर्यंत कधी नेलं नाही. उद्धट वाटलं असतं.

ऊन तापायला लागलं होतं. एका दुपारी अण्णांना पूर्वेच्या फडात धूर दिसला. त्यांनी लाल फडकं हलवलं, पत्रा बडवला. गाळपाच्या घरघरीत ते कुणाला ऐकू येणार? शेवटी ते स्वतःच शिडी उतरले, दुखऱ्या गुडघ्यांनी. माझ्या टेबलापाशी आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. टँकर जागेवर उभा होता, भरलेला. ड्रायव्हर हुमनाबादच्या रस्त्याला ढाब्यावर जेवायला गेला होता.

आम्ही पोचेस्तोवर फड संपला होता. शेजारी तोडणी कामगारांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या झोपड्या. माणसं वेळेवर पळाली. एक बैल दाव्यालाच राहिला. त्याचा मालक हातात नुसतं दावं धरून उभा होता. अण्णा त्याच्याशेजारी जाऊन उभे राहिले. "दिसलं होतं," एवढंच म्हणाले. त्या माणसानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा टाकीवरचं स्टूल खाली घेऊन आले आणि टँकरच्या सावलीत बसले. साहेब चिडले.

"वर कोण बसणार मग?"

"कुनाला बी बसवा, साहेब. खाली मी हाय."

सीझन संपेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. वर कुणीच चढलं नाही. पुढं ते उदगीरला लेकीकडे गेले आणि तिथंच वारले. आम्हाला फार उशिरा कळलं.

आता टाकीवरून एक दोरी खाली येते. माझ्या खिडकीशी घंटा आहे. टँकरपाशी ड्रायव्हर दिवसभर असतो, डबासुद्धा तिथंच खातो. सगळं त्यांनी मागितलं होतं तसंच झालंय. फक्त वर बसायला माणूस नेमलेला नाही. नवे साहेब म्हणतात, बघू.

वारा सुटला की दोरी ताणली जाते आणि घंटा वाजते. ड्रायव्हर उठून माझ्याकडे बघतो.

"वारा आहे, बस," मी म्हणतो.

आणि तो बसतो.